कच्ची फिल्म आणि नाशिकचे फाळके

पहिला भारतीय कथाचित्रपट कोणी काढला, असे वर्गात विचारले तर निम्मे हात वर येतात. 'राजा हरिश्चंद्र', १९१३, दादासाहेब फाळके. आता त्यापुढचा प्रश्न विचारून पाहा. त्या चित्रपटासाठी लागणारी कोरी फिल्म आली कोठून? ती येणे बंद झाले असते तर फाळके यांनी काय केले असते? या प्रश्नांना हात वर येत नाहीत. पाठ्यपुस्तकांत कॅमेऱ्याचे चित्र असते, पण फिल्मचे नसते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगभरच्या छायाचित्रकारांच्या तोंडी एकच तक्रार आहे. अमुक फिल्म बंद झाली, तमुक कागद येईनासा झाला, डार्करूमची रसायने मिळेनात. कोडॅकने कोडाक्रोम ही आपली नामांकित रंगीत फिल्म २००९ मध्ये बंद केली. २०१२ च्या जानेवारीत ती कंपनीच दिवाळखोरीच्या कायद्याच्या आश्रयाला गेली. आपल्या देशातील फिल्मचा एकमेव मोठा सरकारी कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१४ मध्ये झाला. डिजिटल कॅमेऱ्याने हे केले, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. पण माल न मिळण्याची ही अडचण डिजिटलपेक्षा फार जुनी आहे. नाशिकला तर तिची ओळख शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. फाळके यांच्या आयुष्यात ती तीनदा आली आणि तिसऱ्या वेळेस त्यांच्याजवळ उपाय उरला नाही.

थोडे मागून सुरुवात करू. छायाचित्रणाच्या पहिल्या काळात 'माल बंद झाला' अशी तक्रार कोणी करूच शकत नव्हते, कारण तयार माल असा नव्हताच. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मंडळी त्या काळात हौसेने छायाचित्रे काढीत. प्रकाशाला संवेदनशील असा पृष्ठभाग प्रत्येकाला स्वतःच तयार करावा लागे. फ्रेडरिक स्कॉट आर्चरच्या १८५१ च्या पद्धतीत काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, तो ओला असतानाच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायचा, ओला असतानाच चित्र घ्यायचे आणि लगेच ते धुवून काढायचे. वैशाखात आपल्याकडे ही काच किती मिनिटे ओली राहत असेल, याची कल्पना करा. छायाचित्रकार तंबू आणि बाटल्यांची पेटी घेऊनच हिंडत असे. त्रास भरपूर, पण परावलंबन कमी. सिल्व्हर नायट्रेट, ईथर, अल्कोहोल आणि काच मिळाली की काम चाले.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनमध्ये सिल्व्हर ब्रोमाइड मिसळून कोरडी काच कशी करता येईल हे दाखवले. त्यानंतर दहा वर्षांत काचा कारखान्यात होऊ लागल्या. १८८९ मध्ये जॉर्ज ईस्टमनने सेल्युलॉइडची लवचिक फिल्म बाजारात आणली. छायाचित्रकाराची बाटल्यांची पेटी घरी राहिली आणि त्याच क्षणी त्याच्या कलेची एक किल्ली रॉचेस्टरला गेली. सोय आणि परावलंबन एकाच पाकिटातून आले, असे म्हटले तर चूक होणार नाही.

पावणेपाच लाख छिद्रे

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकून ते बडोद्याच्या कलाभवनात गेले. कलाभवनचे प्रमुख प्रा. त्रिभुवनदास गज्जर हे स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी या विद्यार्थ्याच्या हाती तिथला छायाचित्रणाचा स्टुडिओ आणि प्रयोगशाळा सोपवली. पुढे फाळके यांनी पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी केली, ब्लॉक करण्याचा आणि रंगीत छपाईचा व्यवसाय केला. म्हणजे चित्रपटाकडे वळण्यापूर्वी वीस वर्षे त्यांचे हात हायपोत आणि आम्लात भिजलेले होते. चरित्रांत त्यांच्या जिद्दीवर बराच मजकूर असतो, पण त्यांना वाचवले ते या वीस वर्षांनी असे मला वाटते. जिद्दीचे अनेक लोक त्या काळात चित्रपटाच्या नादी लागून बुडाले.

१९१२ च्या फेब्रुवारीत विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून ते लंडनला गेले. 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत नेले. फाळके यांनी पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नोंदवली आणि आणखी एक यंत्र मागवले. त्या यंत्राचे नाव पर्फोरेटर, म्हणजे फिल्मच्या कडेला छिद्रे पाडणारे यंत्र.

ही छिद्रे कशासाठी, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगण्यासारखे आहे. चलचित्रात फिल्म सरकत नाही, थबकत थबकत पुढे जाते. प्रत्येक चित्रासाठी ती क्षणभर अगदी स्थिर राहते, मग दातेरी चाकाने किंवा नखासारख्या काट्याने ती एका चित्राइतकी पुढे ओढली जाते. तो काटा छिद्रात अडकतो. छिद्रांतले अंतर केसभर चुकले तरी पडद्यावर चित्र थरथरते. फाळके यांच्याकडे आलेली फिल्म छिद्रांविना होती. ती पाडण्याचे काम घरी करायचे होते आणि तेही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म गेली.

हिशेब करून पाहू. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे मावतात. प्रत्येक चित्राला एका बाजूस ४ छिद्रे, म्हणजे फुटाला ६४, आणि दोन्ही बाजू धरून १२८. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट होती. ३,७०० गुणिले १२८ म्हणजे ४,७३,६०० छिद्रे. हा आकडा फक्त पडद्यावर दिसलेल्या लांबीचा. वाया गेलेली फिल्म वेगळी, आणि निगेटिव्हवरून पॉझिटिव्ह प्रत काढायची तर तिलाही तेवढीच छिद्रे हवीत.

दादरच्या घरात हे काम रात्री चाले आणि त्यातला मोठा वाटा सरस्वतीबाई फाळके यांचा होता. फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे त्या शिकल्या. त्याशिवाय साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक होताच. त्या काळची फिल्म निळ्या आणि काही अंशी हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असे, लाल प्रकाशाला आंधळी असे. म्हणून लाल काचेचा मंद दिवा लावला तरी तिला इजा होत नसे. पुढे १९२० च्या दशकात सर्व रंग ओळखणारी पँक्रोमॅटिक फिल्म प्रचारात आली तेव्हा हा दिवाही विझवावा लागला आणि काम पूर्ण काळोखात, स्पर्शावर आले. भारतातली पहिली फिल्म-तंत्रज्ञ बाई कोण, या प्रश्नाचे उत्तर स्टुडिओत शोधण्याची गरज नाही. ते स्वयंपाकघरात आहे.

फिल्म थोडी आणि महाग, म्हणून पहिला प्रयोगही काटकसरीचा होता. कुंडीत वाटाणा पेरून महिनाभर रोज थोडे थोडे चित्र घेत फाळके यांनी रोप उगवण्याचा लहानसा पट तयार केला. महिन्याची वाढ मिनिटा-दोन मिनिटांत दिसली. हा पट पाहून छायाचित्रणाच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी यांनी भांडवल पुढे केले. पहिला सावकार फिल्मच्याच धंद्यातला निघाला, हा योगायोग नसावा. किती फुटांत काय साधले याची किंमत त्याला इतरांपेक्षा जास्त कळत होती.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात फाळके यांनी बिऱ्हाड, माणसे आणि प्रयोगशाळा नाशिकला हलवली. 'मोहिनी भस्मासुर' आणि 'सत्यवान सावित्री' हे पुढचे चित्रपट इथले.

पहिले महायुद्ध

१९१४ मध्ये आपले चित्रपट घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. तिथे कौतुक झाले. मग ऑगस्टमध्ये युद्ध पेटले. मुंबईच्या भांडवलदारांनी हात आखडता घेतला, जहाजे कमी झाली, कच्ची फिल्म महाग आणि दुर्मिळ झाली. नाशिकचा सराफ बाजार चांदीसाठी प्रसिद्ध आहे. चांदी गावात हवी तेवढी मिळत होती, पण चांदीचे ब्रोमाइड बसवलेली पट्टी मिळत नव्हती.

या वर्षांत फाळके यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. मोठा चित्रपट काढता येत नाही म्हणून ते थांबले नाहीत, लहान पट काढत राहिले. आगकाड्यांच्या हालचालींची गंमत, नाशिक-त्र्यंबक इथली दृश्ये, तळेगावचा काच कारखाना असे विषय त्यात आले. आगकाड्यांना पगार द्यावा लागत नाही. हाती असलेले फूट मोजून विषय निवडण्याची ही रीत होती. याच काळातला एक पट 'चित्रपट कसे तयार करतात' या नावाचा आहे. शिक्षकांना तो विशेष जवळचा वाटावा. 'नवयुग' मासिकात १९१७-१८ मध्ये त्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली, तीही याच उद्योगाचा भाग म्हणावी लागेल. माल मिळत नसताना त्यांनी विद्या वाटली.

त्याच सुमारास कोल्हापुरात बाबूराव पेंटर वेगळ्या बाजूने याच भिंतीशी झगडत होते. परदेशी कॅमेरा परवडत नव्हता आणि युद्धात मिळणेही अवघड होते. तेव्हा बाबूराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुना प्रोजेक्टर उघडून, लेथवर भाग कातून, १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा उभा केला. १९२० चा 'सैरंध्री' त्यावर चित्रित झाला. म्हणजे कॅमेरा कोल्हापुरात होऊ शकला आणि छिद्रे नाशिकमध्ये पडू शकली. धुण्याची टाकी, वाळवण्याचे लाकडी पिंप, छपाईचे यंत्र, सगळे इथल्या सुताराने आणि लोहाराने करून दिले असते. एकच वस्तू कोणालाही करता येत नव्हती. ती म्हणजे कोरी फिल्म.

का बरे? इथे जरा थांबू, कारण सगळ्या गोष्टीचे मर्म इथेच आहे.

फिल्म म्हणजे पारदर्शक पट्टीवर दिलेला जिलेटिनचा अतिशय पातळ थर, आणि त्या थरात विखुरलेले सिल्व्हर ब्रोमाइडचे सूक्ष्म स्फटिक. या मिश्रणाला इमल्शन म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेतही सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम ब्रोमाइड एकत्र केले की पिवळसर साका मिळतो आणि तो उन्हात काळवंडतो. पण चित्रपटाला सेकंदाच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागात चित्र उमटवणारा थर लागतो. त्यासाठी स्फटिक ठरावीक आकाराचे हवेत, थर शेकडो फूट एकसारखा हवा, त्यावर धुळीचा कण नको आणि हे सगळे काळोखात व्हायला हवे. एवढ्यानेही भागत नाही. एका कारखान्यातले इमल्शन वेगवान निघे, त्याच पद्धतीने केलेले दुसरे मंद, आणि कारण कोणाला कळत नसे. १९२० च्या दशकात कोडॅकच्या प्रयोगशाळेत सॅम्युअल शेपर्ड यांनी याचा छडा लावला. जिलेटिन गुरांच्या कातडी-हाडांपासून होते. काही गुरांच्या चाऱ्यात मोहरीसारख्या वनस्पती असत. त्यांतले गंधकयुक्त पदार्थ अत्यल्प प्रमाणात जिलेटिनमध्ये उतरत आणि सिल्व्हर ब्रोमाइडच्या स्फटिकावर सिल्व्हर सल्फाइडचे सूक्ष्म ठिपके तयार करत. प्रकाश पडल्यावर चित्राची सुरुवात या ठिपक्यांपाशी होते. गाईने मोहरी खाल्ली की फिल्म वेगवान, नाही तर मंद! मिश्रणाच्या तुलनेत हे प्रमाण लाखांत काही भाग इतकेच असते. जे खुद्द कारखानदारांना कळायला चाळीस वर्षे लागली ते नाशिकच्या घरात, युद्धाच्या धामधुमीत, साधले असते असे म्हणण्यात अर्थ नाही.

अकरा हजार फूट

१९१७ च्या 'लंकादहन'ने पैसा दिला. १ जानेवारी १९१८ रोजी नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' हे तिचे गाजलेले चित्रपट. पुढची वर्षे मी भरभर ओलांडतो, कारण ती भागीदारांच्या भांडणांची आहेत. फिल्म मिळत होती, पैसा होता, आणि तरी गोष्टी बिघडत गेल्या. बोलपट आला. फाळके यांचा शेवटचा चित्रपट 'गंगावतरण' १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी निघाला. त्यानंतर ते नाशिकला परतले.

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले. जर्मनीची आग्फा फिल्म येणे बंद झाले. दोस्त राष्ट्रांची फिल्म विमानांतून घेतलेल्या छायाचित्रांकडे आणि लष्करी इस्पितळांच्या क्ष-किरण विभागांकडे वळली. आणखी एक कारण आहे. त्या वेळच्या चित्रपटाची पट्टी सेल्युलोज नायट्रेटची असे. कापसावर नायट्रिक आम्लाची क्रिया करून मिळणारा हा पदार्थ थोड्या फरकाने बंदुकीच्या धूरविरहित दारूचाही मुख्य घटक आहे. युद्धात हा कच्चा माल आधी कोणाकडे जाणार, हे सांगायला नको.

१९४२ मध्ये सरकारने चित्रपटाच्या लांबीवर ११,००० फुटांची मर्यादा घातली. बोलपटाची फिल्म मिनिटाला ९० फूट जाते, म्हणजे दोन तास दोन मिनिटे. (दोन तासांच्या आसपासचा हिंदी चित्रपट तेव्हा तोकडा वाटे, हे जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल.) १९४३ मध्ये त्याही पुढची पायरी आली. सरकारी परवान्याशिवाय कच्ची फिल्म मिळेनाशी झाली. परवाने चालू कंपन्यांना मिळत. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आजारी असताना, दादासाहेबांनी चित्रपट काढण्यासाठी परवाना मागितला. तो नाकारला गेला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्ये त्यांचे निधन झाले. नकाराच्या धक्क्याने ते गेले असे काही जण सांगतात. मला तेवढे नाट्य आवश्यक वाटत नाही. ज्याने या देशात फिल्मला पहिल्यांदा छिद्रे पाडली त्याला अखेरीस कोरी फिल्म मिळाली नाही, एवढी नोंद पुरेशी आहे.

तीन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. १९१२ मध्ये माल अर्धवट तयार होता, उरलेले काम हाताने झाले. १९१४ नंतर माल तुटपुंजा होता, तो मोजून वापरता आला. १९४४ मध्ये माल शून्य होता. शून्याला कोणत्याही कौशल्याने गुणले तरी उत्तर तेच येते.

उटीचा कारखाना

स्वातंत्र्यानंतर सरकारने या शून्यावर उपाय शोधला. हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही कंपनी १९६० मध्ये स्थापन झाली. फ्रान्सच्या बोशे कंपनीचे तंत्रज्ञान घेऊन निलगिरीत उटकमंडला तिचा कारखाना उभा राहिला आणि १९६७ मध्ये उत्पादन सुरू झाले. जागा विचारपूर्वक निवडली होती. समुद्रसपाटीपासून २,२०० मीटरांहून उंच, थंड आणि धूळ कमी. फिल्मला जे हवे ते सगळे तिथे होते. 'इंदू' या नावाने कृष्णधवल फिल्म, छपाईचा कागद आणि क्ष-किरण फिल्म बाजारात आली. सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत गावोगावच्या स्टुडिओंतून ओळखपत्रांचे आणि शाळेच्या गटाचे फोटो निघाले त्यांतले पुष्कळ या मालावरचे.

दुसरी वाट पूर्व जर्मनीतून येत होती. वोल्फेनच्या कारखान्याची ओर्वो फिल्म भारतात स्वस्त मिळे, कारण तिचा व्यवहार डॉलरऐवजी रुपयांत होई. शंभर फुटांचा डबा आणायचा, अंधारात हाताने मोजून तुकडे कापायचे आणि रिकाम्या डब्यांत भरायचे. एका डब्यातून छत्तीस चित्रांची सुमारे अठरा रिळे निघत. हौशी छायाचित्रकारांच्या एका पिढीने कला शिकली ती या कापलेल्या रिळांवर. दोन्ही जर्मनी एक झाल्यावर तो कारखाना मोडकळीस आला आणि १९९४ मध्ये गुंडाळला गेला. लक्षात घ्या, तोवर डिजिटल कॅमेरा भारतीय घरात पोचलाही नव्हता. राजकीय नकाशा बदलला आणि फिल्म बंद झाली.

उटीचेही तसेच झाले. रंगीत फिल्मच्या बाबतीत तिथे मुख्यतः परदेशातून आलेल्या अवाढव्य रिळांचे तुकडे करून डब्यांत भरण्याचे काम होत असे. १९१२ च्या दादरपेक्षा हे किती पुढे गेले, असा प्रश्न मनात येतोच. १९९१ नंतर आयात खुली झाली, परकीय कर्जाचा बोजा वाढत गेला आणि १९९६ मध्ये कंपनी आजारी घोषित झाली. डिजिटलने तिला पाडले असे म्हणतात, पण ती पडली तेव्हा डिजिटल दारातही नव्हते. ते आले तेव्हा फक्त उठण्याची शक्यता संपली.

आज हाती काय आहे

आज फिल्म पूर्णपणे संपलेली नाही. इंग्लंडमधील इलफर्ड २००४ मध्ये बुडता बुडता वाचली, झेक प्रजासत्ताकातील फोमा चालू आहे, कोडॅकची फिल्मही अजून निघते. पण सगळी बाहेरून येते आणि महाग पडते. मुदत उलटलेली फिल्म टाकून न देता शीतकपाटात ठेवणे आणि दर दहा वर्षांमागे साधारण दुप्पट प्रकाश देऊन वापरणे, ही युक्ती सर्वत्र रूढ आहे. त्यामागचे कारण सोपे आहे. उष्णतेने आणि काळाने काही स्फटिक प्रकाशाविनाच काळे होण्याच्या वाटेला लागतात, त्यांच्यावर मात करायला प्रकाश जास्त हवा.

डेव्हलपरच्या बाबतीत मात्र परिस्थिती आशादायक आहे. कोडॅकचा सुप्रसिद्ध डी-७६ बंद पुडीत मिळाला नाही तरी बिघडत नाही, त्याची कृती सर्वांना ठाऊक आहे. एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन प्रकाश लागलेल्या स्फटिकांतली चांदी मोकळी करतात, सल्फाइट त्यांना हवेपासून जपते, बोरॅक्स द्रावण अल्कधर्मी ठेवते. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट, रसायनांच्या कोणत्याही मोठ्या दुकानात मिळणारे. १९९५ मध्ये रॉचेस्टरच्या तंत्रज्ञान संस्थेतील स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तर झटपट कॉफी आणि धुण्याचा सोडा यांत फिल्म डेव्हलप करून दाखवली. पुढे त्यात क जीवनसत्त्वाची भर पडली. विद्यार्थ्यांना वाटते की हे काम कॅफीन करते. ते चूक आहे. काम कॉफीतल्या कॅफिक आम्लाचे असते, दोघांचे नाव सारखे आहे इतकेच.

पण सगळ्याच फिल्म अशा उदार नसतात. कोडाक्रोममध्ये रंग तयार करणारे घटक फिल्ममध्ये नसत, डेव्हलप करताना यंत्रातून टप्प्याटप्प्याने घालावे लागत. ते यंत्र चालवणारी जगातली अखेरची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्सास राज्यात होती. २०१० च्या डिसेंबरअखेर तिने रिळे घेणे थांबवले. कारखान्यातून निघालेले कोडाक्रोमचे अखेरचे रीळ स्टीव्ह मॅककरी या छायाचित्रकाराला देण्यात आले होते. त्या छत्तीस चित्रांतली काही त्याने मुंबईत आणि राजस्थानात येऊन काढली. ज्यांच्या कपाटात आज कोडाक्रोमचे न धुतलेले रीळ आहे त्यांना त्यातून फार तर कृष्णधवल चित्र मिळू शकते. रंग कायमचे गेले.

शाळेत करण्यासारखे काही हवे असेल तर चांदीची वाट सोडून लोहाची धरावी. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये शोधलेली निळ्या छापाची पद्धत अजून तशीच चालते. फेरिक अमोनियम सायट्रेट २५ ग्रॅम आणि पोटॅशियम फेरिसायनाइड १० ग्रॅम, प्रत्येकी १०० मिलिलिटर पाण्यात वेगवेगळे विरघळवावे. मंद उजेडात दोन्ही समभाग मिसळून जाड कागदाला कुंचल्याने लावावे आणि कागद अंधारात वाळवावा. त्यावर पिंपळाचे पान ठेवून वर काच ठेवावी, दहा-पंधरा मिनिटे ऊन द्यावे, मग नुसत्या पाण्यात धुवावा. पान पांढरे राहते, भोवताल गडद निळा होतो. मिश्रण आम्लाजवळ नेऊ नये, तापवू नये, हातमोजे वापरावेत. या प्रयोगात मुलांना एक गोष्ट हाताने कळते, ती म्हणजे कागद स्वतः तयार केला तर कोणत्याही कारखान्याच्या दाराशी थांबावे लागत नाही. मात्र दहा मिनिटे उन्हात थांबावे लागते. चित्रपटाला तेवढा वेळ नसतो.

राहिले फाळके यांच्या फिल्मचे. भारतात सुमारे तेराशे मूकपट निघाले. त्यांतले जेमतेम तिसाच्या आसपास आज शिल्लक आहेत आणि त्यांतलेही बरेच अपुरे. नायट्रेटची पट्टी आपोआप कुजते, पेटते, आणि पेटली की पाण्याखालीही जळते, कारण प्राणवायू तिच्यातच असतो. त्यातून वाचलेली पुष्कळ रिळे चांदी काढण्यासाठी भट्टीत गेली. जी चांदी मिळवण्यासाठी एके काळी बोटीची वाट पाहिली ती भंगाराच्या भावाने निघाली. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून आणि इतरांकडून मिळतील ते तुकडे गोळा केले. 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची अशी दोन रिळे, १,४७५ फूट, हाती आली. ती १९१३ ची की फाळके यांनीच १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. २००३ च्या जानेवारीत पुण्यातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागून शेकडो जुनी रिळे गेली. ज्यांच्या प्रती सुरक्षित फिल्मवर आधीच करून ठेवल्या होत्या तेवढेच चित्रपट राहिले.

राहिलेल्यांत 'चित्रपट कसे तयार करतात' याचाही काही भाग आहे. टंचाईच्या दिवसांत काढलेल्या या पटात फाळके स्वतः दिसतात. नटांना सांगतात, कॅमेऱ्यामागे उभे राहतात, मग फिल्मची पट्टी दोन्ही हातांत धरून उजेडाकडे नेतात आणि एकेक चित्र निरखून पाहतात.